पानावर पोटाचा भार टाकू नकोस

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू गेलीस आणि तुझी वही माझ्या टेबलावरच राहिली. विसरलीस की मुद्दाम ठेवलीस, कळलं नाही. पण राहिली ते बरं झालं. तू समोर बसलेली असताना माझं पानांकडे नीट लक्षच नव्हतं. अंबडच्या कंपनीतली ड्राफ्टिंगची नोकरी सोडायची, राजीनामा लिहून फोनमध्ये तयार ठेवलाय, आता पूर्ण वेळ कॉमिक्सच काढायचं, असं तू सांगत होतीस आणि 'काका, हो म्हणा' हे तुझ्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मला तेव्हा हो म्हणता आलं नाही, नाहीही म्हणता आलं नाही. चार दिवसांत वही तीनदा वाचली. आता सावकाश लिहितोय, तूही सावकाश वाच.

आधी पान तीनबद्दल.

आजी द्राक्षबागेत डिपिंग करतेय, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवतेय, ते पान. सहा चौकटी. पहिलीत नुसता मग आणि मनगट, दुसरीत घड, तिसरीत घड मगात बुडालेला, चौथीत घडाच्या टोकाला लोंबणारा एकच थेंब, पाचवीत पुढचा घड. सहावीत तू एकदम लांब गेलीस: मांडवाखालची अख्खी ओळ आणि तिच्या दुसऱ्या टोकाला चिमणीएवढी आजी. ती सहावी चौकट बघून मी वही मिटली आणि जरा वेळ बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. आयुष्यभर निफाडकडच्या द्राक्षाच्या पेट्यांची लेबलं मी प्रेसमध्ये लावली. हिरवागार घड, त्यावर दवाचे थेंब, वर सोनेरी अक्षरं. ते घड मगात बुडवणारा हात त्या लेबलावर कधी आला नाही. तुझ्या पानावर तो आलाय. तुझ्याशी एवढं लांबलचक बोलावंसं वाटतंय ते त्यामुळेच.

आता त्याच पानाच्या चुका. चौथ्या चौकटीवर तू इंग्रजीत लिहिलंस की 'आजीचे हात दिवसभर ओले राहायचे.' ते खोडून टाक. थेंब दिसतोय, मनगटापर्यंत ओघळ दिसतोय. चित्र जे सांगतंय तेच शब्दांनी पुन्हा सांगितलं की दोघांचीही ताकद जाते. शब्द ठेवायचेच असतील तर चित्राला जे काढता येत नाही ते लिही. त्या पाण्याला वास कसला यायचा? मुकादम काय म्हणायचा?

दुसरी चूक: चौथी आणि पाचवी चौकट. दोन चौकटींमध्ये तू जी कोरी पट्टी सोडतेस, वेळ तिथे राहतो. तुला दाखवायचंय की मधे शेकडो घड होऊन गेले. पण दोन्ही चौकटींत सगळं जिथल्या तिथे असल्यामुळे वाचकाला वाटतं की एक घड झाला आणि लगेच दुसरा आला. एवढंच कर. चौथ्या चौकटीत मांडवाच्या खांबाची सावली डावीकडे पाड, पाचवीत उजवीकडे. सकाळची दुपार झाली हे एका रेघेत कळेल. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी पहिल्या सिनेमाच्या आधी कुंडीत वाटाणा पेरला होता आणि तो वाढत असताना थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र टिपत गेले. पैसा लावणाऱ्याला पटवायला त्यांच्याकडे तीच इवलीशी फिल्म होती. रोप कुणालाच वाढताना दिसत नाही, दोन चित्रांमधला फरक तेवढा दिसतो. आपला सगळा धंदा तोच आहे.

तिसरी चूक हाताची आहे, ती शेवटी सांगतो.

आता नोकरीचं.

तू मला विचारलंस, या वाटेवरचे लोक जगतात कसे? मुख्य रस्त्यावरच्या कॉमिक्सचं मला विचारू नकोस, त्यात मी कधी नव्हतो. पण ज्यांनी स्वतःच लिहिलं, स्वतःच काढलं, कुणी छापेना तेव्हा स्वतःच छापलं, त्यांची आयुष्यं मी बारकाईने वाचली आहेत. जिथे मिळेल तिथून त्यांची पुस्तकं मागवली. का, तर मला धीर हवा होता.

अमेरिकेत १९५४ साली कॉमिक्सवर आचारसंहिता आली. दुकानात जे जाईल ते सोवळंच असलं पाहिजे, अशी तजवीज. मोठ्यांच्या आयुष्यातलं खरंखुरं काही त्या चौकटींत मावेना. म्हणून साठच्या दशकाच्या शेवटी काही जणांनी दुकानाचा रस्ताच सोडला. रॉबर्ट क्रम्बने १९६८ मध्ये आपला पहिला अंक सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर बाबागाडीत ठेवून विकला. तिथून पुढे १९७२ मध्ये जस्टिन ग्रीनने स्वतःच्या मनाचा आजार, धर्माची भीती, अपराधीपणा हे सगळं उघड काढलं. चित्रकथेत 'मी' म्हणायची सोय झाली ती बरीचशी त्याच्यामुळे. तू आजीच्या गोष्टीत स्वतःला शाळेच्या गणवेशात काढलंयस ना, ती वाट तिकडून येते.

त्यांच्या पोटाचं काय होतं ते बघ. हार्वी पेकार क्लीव्हलंडच्या सरकारी हॉस्पिटलात फायली लावायचा. कारकून. १९७६ पासून स्वतःच्या पैशाने अंक काढले, आणि २००१ मध्ये निवृत्त होईपर्यंत नोकरी सोडली नाही. त्याला चित्रं येतही नव्हती. काडीची माणसं काढून गोष्ट मांडायचा आणि दुसऱ्यांकडून चित्रं करून घ्यायचा. त्याच्या गोष्टी तरी कशाच्या? ऑफिसातल्या सहकाऱ्यांच्या, रांगेत उभं राहण्याच्या. नोकरीनेच त्याला विषय पुरवला. जॉन पोर्सेलिनो १९८९ पासून झेरॉक्स केलेला छोटा अंक काढतोय. डास मारायच्या खात्यात काम करायचा, आणि पुढे त्याच कामावर त्याचं एक सुंदर पुस्तक झालं. आर्ट स्पीगलमन. वडिलांची छळछावणीची गोष्ट काढायला त्याला तेरा वर्षं लागली, १९९२ मध्ये तिला पुलित्झर मिळालं. हे सगळ्यांना माहीत असतं. घर चालवायला तो वीसेक वर्षं एका च्युइंगगमच्या कंपनीसाठी पाकिटातली गमतीदार स्टिकरं करत होता, हे फारसं कुणी सांगत नाही.

लांब कशाला जायचं? आपला अरुण कोलटकर. जाहिरात क्षेत्रातला नावाजलेला कलादिग्दर्शक, तिथली बक्षिसं मिळवलेला. पगार तिकडे आणि कविता इकडे. कवितेला त्याने कधी बाजारात उभं केलं नाही, म्हणून ती कुणासाठी वाकलीही नाही. पुस्तकं काढली ती अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने, कागदापासून बांधणीपर्यंत मनासारखी. त्याच्याही आधी, १९५० च्या दशकात, त्याने आणि त्याच्या मित्रांनी 'शब्द' नावाचं अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढलं होतं. मराठी माणसाला स्वतःचं स्वतः छापायची अक्कल बाहेरून आणावी लागत नाही. आपल्याकडे कवितेने ते केलंय, चित्रकथेने अजून पुरतं केलेलं नाही. जागा रिकामी आहे.

दिल्लीच्या ओरिजित सेनने १९९४ मध्ये नर्मदेच्या धरणाखाली जाणाऱ्या गावांवर चित्रकथेचं पुस्तक केलं. आपल्या देशातल्या या प्रकारच्या पुस्तकांची सुरुवात बहुतेक जण तिथून धरतात. ते पुस्तक वर्षानुवर्षं मिळत नव्हतं. २०२२ मध्ये पुन्हा छापलं गेलं, अठ्ठावीस वर्षांनी. मधल्या काळात त्या माणसाचं पीपल ट्री नावाचं दुकान होतं, तिथे कपडे आणि हस्तकलेच्या वस्तू विकल्या जायच्या. अठ्ठावीस वर्षं तो त्या पुस्तकाच्या कमाईची वाट बघत बसला असता तर?

उलट बाजूही सांगतो, नाहीतर माझं बोलणं एकतर्फी होईल. माँट्रियलची ज्यूली दूसे. १९८८ मध्ये स्वतः झेरॉक्स काढून अंक सुरू केला, दोन-तीन वर्षांत प्रकाशक मिळाला, जगभर नाव झालं, आणि तिने पानावरच पोट भरायचं ठरवलं. दहा-बारा वर्षांत ती इतकी थकली की तिने कॉमिक्स काढणंच सोडलं. रात्रंदिवस काम आणि हातात पैसा थोडा, हे तिने स्वतःच सांगितलंय. २०२२ मध्ये फ्रान्सच्या अंगुलेम महोत्सवात तिला सर्वोच्च सन्मान मिळाला. मला आनंद झाला, आणि दुःखही झालं, की मधली कितीतरी पानं आपल्याला मिळालीच नाहीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: पानावर पोटाचा भार टाकू नकोस. पान अजून कोवळं आहे. ज्या दिवशी घरभाडं त्याच्यावर येईल त्या दिवसापासून तू आजीचे हात काढायच्या आधी विचार करशील की हे कोण विकत घेईल. दोन महिन्यांत तू बारशाच्या पत्रिका आणि यूट्यूबची थंबनेलं करत बसशील, आणि तेही रात्री, म्हणजे पानाच्याच वेळात. मी हे प्रेसमध्ये डोळ्यांनी पाहिलंय. माझ्याहून सरस हात असलेले दोघे जण फ्रीलान्सला गेले. दोघांचीही चित्रं थांबली. पैशाच्या ओढाताणीत त्यांना बसायला वेळच उरला नाही.

नोकरी कधीच सोडू नकोस असंही मी म्हणत नाही. पुरी केलेली साठ पानं हातात असू देत, वर्षभराचा खर्च बँकेत असू दे आणि घरच्यांना सगळं स्पष्ट माहीत असू दे. मग सोड, मी स्वतः पेढे आणीन. आज तुझ्याकडे अकरा पानं आहेत.

आठवड्याला एक पान. एवढंच धर. सकाळी साडेपाच ते साडेसात, कंपनीची बस यायच्या आत. रात्री नको, दिवसभर स्क्रीन बघून डोळे शिणलेले असतात आणि रेघ थरथरते. वर्षाची पन्नास पानं होतील. आजारपण, लग्नसराई, दिवाळी धरून चाळीस म्हण. तीन वर्षांत पुस्तक उभं राहतं. मी चौतीस वर्षं प्रेसमध्ये होतो, आधी ब्रोमाइडच्या कागदावर आलेला मजकूर कापून पानावर चिकटवायचो, नंतर कॉम्प्युटरवर. त्यात माझ्या तेवीस पुस्तिका झाल्या. पहिली १९९३ मध्ये, साठ प्रती. तेवीस हा आकडा मोठा नाही, पण एकही पान कुणाच्या सांगण्यावरून काढलेलं नाही.

त्यात सहा वर्षांचा एक खड्डाही आहे. २००८ च्या सप्टेंबरात गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला तेव्हा भांडीबाजाराच्या बाजूची सगळी दुकानं पाण्यात गेली. घरी जागा नाही म्हणून मी माझी मूळ चित्रं प्रेसच्या तळमजल्यावर खालच्या फळीवर ठेवली होती. आदल्या दिवसापासून धरणातून पाणी सोडत होते. पाणी मारुतीच्या कमरेला लागलंय म्हणून लोक बघायला जात होते. मीही गेलो, बघितलं आणि घरी येऊन झोपलो. फळीवरून गठ्ठा उचलून वर ठेवायला दहा मिनिटं लागली असती. दीडशेच्या वर पानांचा लगदा झाला. त्यानंतर सहा वर्षं मी ब्रश धरला नाही. पूर येणं माझ्या हातात नव्हतं, पण न काढणं होतं. ती सहा वर्षं गेली याचं दुःख मला त्या लगद्यापेक्षा जास्त आहे.

परत सुरुवात केली ती त्याच मारुतीपासून. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवरून नाशिककर पूर मोजतो हे तुला सांगायला नको: घोटे, गुडघे, कंबर, छाती, आणि डोक्यावरून गेलं की सराफ बाजारात आवराआवर. मी आठ चौकटी आखल्या. प्रत्येकीत मारुती त्याच जागी, तेवढाच, त्याच कोनातून. बदलते ती फक्त पाण्याची रेघ. आठव्या चौकटीत मारुती नाही, नुसतं पाणी आणि त्यावरून चाललेली एक प्लॅस्टिकची खुर्ची. शब्द एकही नाही. एका भाजीवाल्या बाईंनी ते पान बुधवारच्या बाजारात माझ्या हातातून घेतलं, बोट ठेवत ठेवत आठही चौकटी बघितल्या आणि म्हणाल्या, "खुर्ची आमची होती." खरंच होती की नाही कुणास ठाऊक. त्यानंतर मी थांबलो नाही.

तुझी मूळ पानं आजच कपाटात वर ठेव आणि प्रत्येक पान सहाशे डीपीआयला स्कॅन करून दोन ठिकाणी साठव.

कागदपत्रांचंही आताच सांगतो, कारण तुझ्याकडे कुणी ना कुणी येईलच. सुपरमॅन ज्या दोन पोरांनी घडवला त्यांनी १९३८ मध्ये १३० डॉलरला सगळे हक्क लिहून दिले, आणि मग जन्मभर त्यासाठी झगडत राहिले. माझं तेवढं मोठं काही नव्हतं. एका प्रकाशकाने अठ्ठेचाळीस पानांची माझी चित्रकथा मागितली. मी तोंडी बोलण्यावर मूळ चित्रं देऊन टाकली. पुस्तक निघालं, त्याचा हिंदी अनुवादही निघाला, तो मला नातेवाइकाच्या घरी दिसला. पैसे आले नाहीत, चित्रंही परत आली नाहीत. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. किती वर्षांसाठी ते लिहिलेलं नसेल तर पाच वर्षं धरतात, कुठल्या प्रदेशासाठी ते नसेल तर फक्त भारत. मला हे वीस वर्षं उशिरा कळलं. तू सही करण्याआधी तीन गोष्टी बघ: किती वर्षं, कुठल्या भाषा, आणि मूळ चित्रं कुणाकडे राहणार. तिसरीचं उत्तर नेहमी 'माझ्याकडे' असलं पाहिजे.

आता भाषा. वहीतली पहिली आठ पानं तू इंग्रजीत केलीस, 'जास्त लोक वाचतील' म्हणून, आणि नवव्यापासून मराठी. तुझं तुलाच जाणवलं असेल, नवव्या पानापासून आजी बोलायला लागली. त्याआधी ती शाळेतल्या धड्यासारखी बोलते. मार्जान सात्रापीने इराणमधलं आपलं बालपण फ्रेंचमध्ये लिहिलं, ज्या भाषेत ती राहत होती तिच्यात. चित्रकारांनीच चालवलेल्या एका छोट्या प्रकाशनाने २००० मध्ये ते काढलं, आणि मग जगाने अनुवाद करून घेतला. जपानच्या योशिहिरो तात्सुमीने १९५७ मध्ये मोठ्यांच्या गंभीर चित्रकथांना 'गेकिगा' हे नाव दिलं, तेव्हा त्याचे वाचक म्हणजे भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानांत येणारे कामगार होते. तू निफाड-पिंपळगावच्या बोलीत लिही. 'काय करून राह्यली' असं आजी म्हणत असेल तर तसंच लिही, सुधारू नकोस.

मराठीत अक्षरांचं काम वेगळं आहे, ते मात्र कुणी शिकवत नाही. इंग्रजी कॉमिक्समध्ये सगळी मोठी अक्षरं, वर-खाली काही नाही, ओळीवर ओळ चिकटवली तरी चालते. आपल्याकडे वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार. तुझ्या नवव्या पानावर वरच्या ओळीतला 'कू' खालच्या ओळीतल्या वेलांटीत घुसलाय. दोन ओळींत इंग्रजीच्या दीडपट तरी जागा सोड. आधी अक्षरं लिही, मग त्यांच्याभोवती फुगा काढ. तू आधी फुगा काढून त्यात शब्द कोंबतेस, म्हणून शेवटचा शब्द नेहमी बारीक होतो. ओरडणं दाखवायला आपल्याकडे मोठी लिपी नाही, पण शिरोरेषा आहे. ती जाड कर, वाकडी कर, चौकटीबाहेर ओढ. कुजबुजीला शिरोरेषा तुटक काढून बघ. हा खजिना इंग्रजी कॉमिक्सवाल्याच्या हातात नाही.

फुग्यांवरून आठवलं, 'भीमायन' बघितलंयस का? नसेल तर माझ्याकडून घेऊन जा. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांची गोष्ट काढली, २०११ मध्ये आली. त्यांनी माणसांना चौकटीत बंद करायलाच नकार दिला. गोड बोलणाऱ्याच्या फुग्याला पाखराचा आकार आणि विषारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. ज्या गावात १९३० मध्ये काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह झाला त्या गावात राहून आपण कॉमिक्स काढतो. असं पुस्तक आपल्या हाताखाली असायलाच हवं.

पहिली पुस्तिका आता काढ. साठ पानांची वाट बघू नकोस. डिपिंगची गोष्ट तेवढी वेगळी काढली तर सोळा पानांत बसते. ए-फोरचे चार कागद मधोमध दुमडले की सोळा पानी फर्मा होतो. कागदाच्या एका बाजूला शेजारी शेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज कायम सतरा: एक आणि सोळा, दोन आणि पंधरा. आधी कोऱ्या कागदाची डमी कर, पानांचे आकडे टाक आणि तीच घेऊन झेरॉक्सवाल्याकडे जा, म्हणजे गोंधळ होणार नाही. काळा रंग भरून टाकलेला मोठा भाग झेरॉक्समध्ये फुटतो, मधे पांढरट चट्टे येतात. तिथे रेघांची जाळी घाल. पातळ शाईची राखाडी छटाही नीट उतरत नाही. ऑफसेट छपाईच्या नादी आता लागू नकोस. प्लेटचा खर्च शंभर प्रतींना तेवढाच आणि हजाराला तेवढाच, आणि नऊशे प्रती पलंगाखाली पडून राहिल्या की माणूस खचतो. पन्नास प्रती काढ. मधे दोन पिना मार. किंमत छाप, फुकट वाटू नकोस.

त्यातल्या दहा बाहेरगावी पाठव. इंडी कॉमिक्स फेस्ट नावाचा मेळा वेगवेगळ्या शहरांत भरतो, तिथे तुझ्यासारखेच लोक टेबल मांडून बसतात, एकदा जाऊन ये. उरलेल्या नाशिकमध्येच. सार्वजनिक वाचनालयात एक दे. १८४० पासूनची संस्था आहे, तुझी पुस्तिका तिथल्या कपाटात गेली की तुझ्या मागे राहील. आणि काही प्रती बागेत काम करणाऱ्या बायांना.

हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तू आजीचं आयुष्य काढतेयस. सातव्या पानावर आजोबांनी तिला बांधावर मारलं ते आहे. तिला ठाऊक आहे का, की तू ते काढलंयस? छापायच्या आधी तिच्यासमोर बस. तिला वाचता येत नाही असं तू म्हणालीस, म्हणून तूच वाचून दाखव. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी हेच करत आले. चित्रांचे सुटे कागद पोथीसारखे एकावर एक, एकेक चित्र समोर धरायचं आणि वाद्याच्या साथीने गोष्ट सांगायची. त्यातल्या परशुराम गंगावण्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्याकडे चित्रकथा आधी ऐकायची गोष्ट होती. आजी सातवं पान ठेव म्हणाली तर ठेव. नको म्हणाली तर काढून टाक, कितीही चांगलं झालेलं असलं तरी. पान गेलं तर दुसरं काढता येईल.

आता ती तिसरी चूक. पान तीनच्या पहिल्या चौकटीत मग डाव्या हातात आहे, तिसऱ्या चौकटीत तो उजव्या हातात गेलाय. तुला वाटेल एवढं कोण बघतं. जिने ते काम केलंय ती पहिलं तेच बघेल. मी चार दिवस विचार करतोय आणि मला सांगता येत नाही की तो मग कुठल्या हातात असायला हवा, कारण मी कधी डिपिंग केलेलं नाही. तूही लहानपणी लांबूनच बघितलंयस.

राजीनामा फोनमध्येच राहू दे. रविवारी दहाला ये, वही इथेच आहे. येण्याआधी आजीकडे जाऊन ये. तिच्या हातात रिकामा मग दे, आणि ती तो कुठल्या हाताने धरते ते बघून ये.

तुझा,
काका